ताण तोडायचा दिवस

“शिवरात्रीपर्यंत मोगऱ्याला ताण द्या, अक्का. पाणी तोडा. न्हायतर नुसता पाला वाढंल.”

मुरुम गावच्या बाजारात कुंडी हातात देताना रोपं विकणाऱ्या शंभूनं हे सांगितलं, तेव्हा मी हसले होते. आमच्या भागात दुकानदार कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात, तसंच त्यानंही म्हटलं.

“ताण आमच्या घरात पुष्कळ आहे. झाडाला आणखी कशाला?” असं म्हणून मी आरोहीचा हात धरून निघाले. घट्ट धरून... माझा नवरा रणधीर अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून माझ्या पोरीचा हात मी रस्त्यात कधी सैल सोडला नव्हता.

मोगऱ्याला सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. पाडवा आला. दारातला कडुनिंब बारीक फुलांनी भरला, आंब्याला कैऱ्या धरल्या. माझा मोगरा नुसता हिरवागार. कळी एक नाही.

कुंडी रिक्षात घातली आणि थेट त्याच्या रोपवाटिकेत गेले.

“फसवं रोप दिलंत तुम्ही.”

त्यानं मातीत बोट खुपसलं. चिखलानं भरलेलं बोट मला दाखवलं. “रोप चांगलंच हाय. लई लाड झालेत त्याचे.”

“मग काय, लाड करू नयेत?”

“करावेत की. पण सगळं बसल्या जागी मिळतंय म्हटल्यावर ते फुलंल कशाला?”

इतक्यात आरोही वाफ्यात घसरून पडली. मी धावणार, तोच तो हळू आवाजात म्हणाला, “थांबा... जरा थांबा.”

थांबले. कशी थांबले, माझं मला माहीत. आरोहीनं इकडंतिकडं बघितलं, गुडघे झाडले आणि झेंडूच्या रोपांकडं निघून गेली. मीच वाफ्याच्या कडेला बसले. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

“किती दिवस द्यायचा हा ताण?” मी विचारलं.

“ते झाड सांगतं. पण रोज जवळ जाऊन बघावं लागतं. पानं मलूल झाली की त्याच दिवशी पाणी. त्याला ताण तोडणं म्हणतात. तो दिवस चुकला तर झाड हातचं जातं. वाऱ्यावर सोडून देणं म्हणजे ताण न्हाय.”

त्यानं फांद्या छाटून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी त्याचा फोन.

“माती कशी हाय?”

“कोरडी.”

“पानं?”

“ताठ आहेत अजून.”

“बरं.”

एवढंच. तरी फोन वाजायच्या आधी माझा हात केसांवरून फिरायचा — जणू त्याला दिसणारच होतं.

बाराव्या दिवशी मी म्हटलं, “पानांच्या कडा वळल्यात.”

“आज पाणी घाला.” त्यानं फोन ठेवला नाही. “आणि... तुम्ही कशा आहात?”

‘बरी आहे’ ओठांवर आलं होतं. दोन वर्षं तेच सांगत होते आणि लोक ते ऐकून निर्धास्त घरी जात होते. हा मात्र फोन धरून राहिला. वाट बघत.

“भीती वाटते हो,” मी म्हणाले. “आरोही झोपली तरी तिचा श्वास मोजत बसते.”

“मोजा. पण एकटीनं मोजू नका.”

“म्हणजे?”

“म्हणजे... आता काय सांगू, शिवप्रिया.”

“अक्का कुठं गेली?”

“तिला पाडव्यालाच रजा दिली. तुम्हाला आज कळलं.”

डोळे पुसता पुसता मी हसले. मग जे खरं होतं ते विचारलं. “आणि तुम्हीही गेलात तर?”



“कोण कधी जाईल, ते मला न्हाय सांगता यायचं,” तो म्हणाला. “असेपर्यंत रोज विचारीन. एवढंच माझ्या हातात हाय.”

खोटा धीर दिला असता, तर मी फोन ठेवला असता.

“उद्या फोन करू नका,” मी म्हणाले. तो दचकला असावा. “घरीच या. माझ्या आईला तुमच्याबद्दल मी सांगते.”

मैत्रिणी, तुझ्याही ओळखीत अशी एक जण असेल — ‘मी बरी आहे गं’ म्हणून घाईनं फोन ठेवणारी. आज तिच्या घरी जा. कशी आहेस, विचार. आणि पहिलं उत्तर ऐकून उठू नकोस.