घोळ माशांचं गाव कोणतं?

तीन वर्षं एकही घोळ मासा पकडला नाही, तरी मुरवंड्याच्या समुद्रात घोळ वाढले का नाहीत?

अकरा वर्षांच्या सुरंगीला या प्रश्नाने पछाडलं होतं. साल होतं २०५८. दीपगृहापासून समुद्रात एक रेष आखलेली होती. रेषेच्या उत्तरेला, मुरवंड्याकडे मासे कमी, म्हणून तिथे बंदी. तिचे बाबा जाळी गुंडाळून घरी बसले होते. दक्षिणेला मासे मुबलक, म्हणून तिथे मोकळीक. तिकडच्या गावातला तिचा हेरंबमामा हौशी पर्यटकांना गळ टाकायला होडीतून न्यायचा. बंदी आल्यापासून बाबा मामाशी बोलत नव्हते.

"आबा, ही रेष कुणी आखली?" सुरंगीने आजोबांना विचारलं. आबा मत्स्यशास्त्रज्ञ (माशांचा अभ्यास करणारे) होते.

"ती जुनी तालुक्याची हद्द. कागदावर सोयीची."

"पण माशांना ती कुठे दिसते?"

आबा हसले. "चल, त्यांनाच विचारू. मामाकडून घोळ माशांची डोकी आणशील?"

भाचीला नाही म्हणणं मामाला कधी जमलंच नव्हतं. "वेडी पोर! कालवण करतेस की काय?" म्हणत त्याने महिनाभर बर्फात घालून डोकी पाठवली.

आबांनी एका डोक्यातून पांढराशुभ्र खडा काढला. "हा कर्णाश्म, म्हणजे माशाच्या कानातला खडा. झाडाच्या खोडातल्यासारखं यात दरवर्षी एक वलय वाढतं. मासा ज्या पाण्यात राहतो, त्या पाण्यातले क्षार त्या वलयात अडकतात. मग अगदी मधोमध काय सापडेल?"

"बाळपणीचं पाणी!" सुरंगी ओरडली.

यंत्राने खडे तपासले. शंभरातल्या बहात्तर खड्यांच्या मध्यभागी मुरवंड्याच्याच खाडीची खूण निघाली.

"म्हणजे आपल्याकडे जन्मतात आणि मोठे झाल्यावर रेष ओलांडतात?"

"आणि अंडी घालायला परतण्याआधीच तिकडे पकडले जातात. दोन्हीकडचे मिळून हा एकच साठा (एकत्र जन्मणाऱ्या, वाढणाऱ्या माशांची वस्ती) आहे, बाळा. खरी सीमा खूप खाली दक्षिणेला, कातळवेळच्या किनाऱ्यापलीकडे असणार. तिथल्या माशांचे खडे मी पूर्वी पाहिलेत, ते अगदी वेगळे आहेत."

सुरंगीचा चेहरा उतरला. रेष खाली सरकली, तर मामाच्या गळावरही बंधनं येणार. आणि डोकी तर त्यानेच दिली होती!

रविवारी ती एक खडा घेऊन मामाकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. मामाने खडा तळहातावर फिरवून पाहिला.

"म्हणजे तीन वर्षं मी तुझ्या बाबांच्या ताटातलं खात होतो," तो हळूच म्हणाला.

"तुला कुठे ठाऊक होतं, मामा?"

"आता ठाऊक झालं ना!"

दोन्ही गावांच्या सभेत मामा स्वतः उभा राहिला. कुरकुर पुष्कळ झाली, पण रेष कातळवेळच्या पलीकडे गेली. विणीच्या महिन्यांत जाळं आणि गळ दोन्ही बंद. एरवी जाळ्यांना माशांचा ठरावीक वाटा, हौशी माणसाला दिवसाला एकच मासा, आणि लहान मासा लगेच पाण्यात परत.

दोन वर्षांनी खाडीत पिल्लं मोजणाऱ्या यंत्रमाशाने आकडा कळवला. तिप्पट! बाबांनी तो दोनदा वाचला. मग फोन उचलला.

"हेरंब, पिल्लं बघायला ये. आणि हे बघ, जेवूनच जायचं."

सुरंगीने आबांना मिठी मारली. "आबा, आता सुरमईलाही विचारूया का, तिचं गाव कोणतं?"