मुरुमं आणि थट्टेचं नातं

त्या दिवशी बाजारातल्या जैनाबाचं दुकान बंद नसतं, तर मी वाली जूफच्या वाटेला गेलेच नसते.

जैनाबा मलम स्वतःच कालवायची आणि बिननावाच्या डबीत भरून द्यायची. लावलं की आठवड्यात मुरुमं गायब, वर रंगही उजळायचा. सोडलं की पुन्हा तोंडभर मुरुमं. म्हणून मी सोडतच नव्हते. डबी तळाला गेली होती, सिबोचं — माझ्या थोरल्या बहिणीचं — लग्न दीड महिन्यावर आलं होतं, आणि आमच्या सेरेकुंडा शहराच्या रस्त्यावर धुळीने समोरचं माणूस दिसत नव्हतं. मी दिसलं त्या औषधाच्या दुकानात शिरले.

काउंटरमागे पांढऱ्या कोटातला एक उंच तरुण होता, तोच वाली. डोळे हसरे, पण माझ्या गालांवर खिळणारे नव्हेत. अशी न खिळणारी नजर मी विसरूनच गेले होते... मी डबी पुढे केली. त्याने रीतीप्रमाणे माझी, मग घरच्यांची ख्यालीखुशाली विचारली, आणि शेवटी आडनाव.

"कॉली," मी म्हणाले.

"म्हणजे जोला. अरे वा, माझी गुलामच दारात आली की. भाताचं पातेलं सोडून इतकं लांब कशी आलीस गं?"

आम्ही जोला जमातीचे, आणि हा थट्टेवरून उघडच सेरेर जमातीचा. आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. भेटलो की एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि रागवायचं नाही. रागावला तो हरला.

"गुलाम तू," मी म्हणाले. "मालकिणीसमोर उभं राहायचं तर आधी कोटाची बटणं नीट लाव."

त्याने खाली पाहिलं. एक बटण खरंच चुकलं होतं. किती दिवसांनी मी हसले होते, देव जाणे.

मग त्याने डबी उघडून वास घेतला, मी कधीपासून लावते ते विचारलं, आणि त्याचा आवाजच बदलला. यात बहुतेक स्टेरॉइड आहे, म्हणाला, म्हणूनच लगेच बरं वाटतं आणि सोडलं की दुपटीने उसळतं. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तसं हे बंद कर. फडताळातल्या दहा डब्यांवर गोऱ्या बायकांची चित्रं होती, त्यातली एकही त्याने काढली नाही. साधा साबण, उन्हाचं क्रीम, बस्स. मुरुमांचं मलम डॉक्टरांनी लिहून दिल्यावर.

"पण आधी वाढतील," तो म्हणाला. "बरं व्हायला महिने लागतील."

"माझ्या बहिणीचं लग्न आहे."

"तरीही."

मला असा संताप आला! थट्टा असती तर गिळली असती, पण हा थट्टा करत नव्हता. घरी येऊन खिडकीत आरसा धरला. गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या, कागदाखालून अक्षरं दिसावीत तशा. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले आणि जैनाबाचं मलम बंद केलं.

आणि मग जे उसळलं... शाळेत मी शिकवते त्या वर्गातली पोरं फळ्याकडे बघायची सोडून माझ्याकडे बघायची. आत्या रोज म्हणायची, लग्नापुरती तरी जैनाबाकडे जा, चार लोकांत आमचं नाक कापू नकोस. मी शनिवारी वालीकडे जायचे. तो मला दारातल्या उजेडात उभं करायचा, हात न लावता नीट बघायचा, आणि मग माझ्या भातखाऊ कुळाचा उद्धार सुरू करायचा. मीही त्याच्या सात पिढ्या काढायचे. साबण संपला नसतानाही जायला लागले, तेव्हा माझं मला कळलं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी गळ्यापर्यंत. त्याचं काय, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. गोड बोलला तरी थट्टा, टोचून बोलला तरी थट्टा.

लग्नाच्या दिवशी तो न बोलावताच आला. थट्टेच्या नात्यातल्याला बोलावणं लागतच नाही. आल्या आल्या बेनाचिन भाताचं पातेलं आपलं म्हणून ताब्यात घेतलं, सगळे पोट धरून हसले. आत्याने मला पाहुण्यांच्या मागे उभं केलं होतं, फोटोत येऊ नये म्हणून. त्याने ते पाहिलं. मला हात करून पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला मी आहे तशी माझ्या घरी नेणार."

सगळे आणखी जोरात हसले. सेरेर जोलाला नेणार म्हणे, गुलाम मालकिणीला! मीही हसले, आणि चुलीमागे जाऊन रडले.

तो मागोमाग आला.

"माझ्या तोंडाला लोक हसतातच," मी म्हणाले. "तू आणखी का हसवलंस?"

"मी हसवत नव्हतो, न्यिमा." त्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "दुसरं कसं सांगू? मी तोंड उघडलं की तुम्ही लोक हसताच."

"मग तू नको सांगूस — वडीलधारी पाठव. मागणीच्या कोलाच्या बिया घेऊन."

तो मान हलवून निघून गेला. आता आला नाही, तर सगळी थट्टाच होती असं समजायचं.

शुक्रवारी नमाजानंतर त्याचे काका आले, कोलाच्या बिया कागदात बांधून; त्या घेतल्या की मागणीला होकार. मागे वाली, मान खाली. आई पावडर घेऊन धावली, मी नको म्हटलं. आहे त्या तोंडाने जाऊन बाबांच्या शेजारी बसले.

म्हातारे कसले ऐकतात! बाबा म्हणाले, आमच्या गुलामांची मजल एवढी कधीपासून गेली? काका म्हणाले, तुमचा भात वाचावा म्हणून एक खाणारं तोंड कमी करायला आलोय. आत्या खुदुखुदू हसत होती. वालीने वर पाहिलं, सरळ माझ्याकडे, उजेडात. तो हसत नव्हता.

बाबांनी ते पाहिलं. पुढची थट्टा त्यांनी ओठांतच ठेवली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "न्यिमा, घेऊ का कोला?"

"घ्या, बाबा," मी म्हणाले.

कुणीही हसलं नाही.