पुढच्या सीटचा पट्टा

विमानतळ कसला, अख्खं गावच ते! सरकते जिने चढून-उतरून, पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन, बॅगांची वाट बघून चिमी बाहेर आली तेव्हा भर दुपार झाली होती. तिची नजर सवयीनं कठड्यामागच्या खांबाकडे गेली. बाबा तिथं उभे राहायचे. जन्मभर याच विमानतळावर टॅक्सी चालवली, पण लेकीला घ्यायला यायचं म्हणजे इस्त्रीचा शर्ट, आणि भेटल्या भेटल्या, "वाळलीस गं!" ती कितीही जाड होऊन येवो. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी चिमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आज खांबापाशी थोरला भाऊ होता.

"दादा, आई कशी आहे?"

"खाते, झोपते. ओळखत मात्र कुणालाच नाही. मला तर भाडेकरू समजते."

"मला ओळखेल?"

दादा बॅग उचलून गाडीकडे निघाला. तेवढ्यासाठीच तर ती आली होती. आईनं एकदा, अगदी एकदाच, 'चिमे' म्हणावं.

गाडी बाबांचीच. पुढच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. चिमीनं तो काढून कोट तिथं टाकला आणि मागं जाऊन बसली.

"अगं, काढलास कशाला!" दादा केवढ्यानं तरी ओरडला. त्यानं पट्टा पुन्हा लावायला घेतला, पण तो काही केल्या बसेना.

गाडी निघाली तशी टिंगटिंग सुरू झाली. पुढं कुणी बिनपट्ट्याचं बसलं की वाजते ती. चिमीनं कोट उचलून घेतला. टिंगटिंग थांबली नाही.

"सेन्सर बिघडलाय, दादा."

"मेकॅनिकही तेच म्हणाला…" दादाचा आवाज खाली आला. "बाबा गेल्यापासून रोज बसतात तिथं. पट्टा लावलेला असला की नुसते बसतात. उतरत नाहीत…"

उड्डाणपूल संपला, जुनी वस्ती लागली. तिची शाळा, बाबांचा नेहमीचा पेट्रोलपंप. बंद काचांच्या आत निलगिरीच्या तेलाचा वास दाटून आला. बाबा गुडघ्यांना चोळायचे ते. चिमीला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण तिला इतकं बरं वाटलं, इतकं घरचं वाटलं, की ती कोटात तोंड खुपसून रडली. मनात म्हणाली, 'बाबा, आईला सांगा ना, मी आलेय म्हणून.'

घर आलं. दादा गाडी थांबवेपर्यंत टिंगटिंग बंद झाली होती.

आई दारातच उभी होती. केस विंचरलेले, पायांत चपला.

"चिमे! केवढी रडलीस गं, कोट भिजवलास की!"

चिमी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हलकेच तिला बाजूला केलं.

"बरं, दोघं वेळेवर जेवत जा. आम्ही निघतो."

"कुठं…?"

"हे थांबलेत ना. कधीपासून म्हणत होते, उतरताच येत नाही म्हणून."

चिमीनं मागं पाहिलं. दादा तिच्या शेजारी उभा होता, पांढराफटक. गाडीची किल्ली त्याच्या मुठीत होती, आणि बाहेर गाडी सुरू झाली.