वाफनळीपाशी पद्माक्का

मिरजेच्या हस्तस्मृती केंद्रात शल्यविशारदांचे हात नोंदवून ठेवले होते. तंबोरे घडवणाऱ्यांचे नोंदवायचे होते. आणि या दोहोंच्या मध्ये, कुणाच्या फारशा लक्षात न येता, एका गृहिणीचा दूध फेसाळण्याचा हात नोंदवलेला होता. केंद्राच्या सगळ्या जमेत ही नोंद सर्वांत किरकोळ. विश्वस्तांनी मात्र तीच कसोटीला लावली. गेलेल्या माणसाचं कौशल्य कोऱ्या हातात उतरवून दाखवा, मगच तंबोऱ्यांकडे वळू, असा त्यांचा ठराव होता. विश्वस्तांचं असंच असतं. त्यांना समुद्र ओलांडायचा असतो, पण आधी बादलीत पोहून दाखवा म्हणतात.

कोरा हात पुढे आला तो भूपाल शिरगुप्प्यांचा. साखर कारखान्यांचे हिशेब तपासण्यात त्यांची हयात गेली होती. दुसऱ्याची चूक सापडली की यांच्या चेहऱ्यावर सणासुदीची कळा येते, असं सांगलीपासून शिरोळपर्यंतचे चेअरमन म्हणत. गेल्या वर्षी वारलेल्या पद्मावती त्यांच्याच पत्नी. बंगळूरच्या मुलीनं एस्प्रेसो यंत्र पाठवलं तेव्हा पद्माक्कांनी ते उन्हाळाभर खपून ताब्यात आणलं आणि मग केंद्रात येऊन हाताची नोंदही दिली. “तुम्हीपण शिका की,” असं त्या नवऱ्याला म्हणत. “तू आहेस की,” असं उत्तर मिळे. पुढे त्या नव्हत्या आणि यंत्र होतं.

“हातातला मोजा घट्ट होतोय का, अण्णा?” केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम सतारमेकर यांनी विचारलं. तंबोरे घडवणाऱ्या घराण्यातली ही मुलगी. हातांच्या नोंदी करण्याचा ध्यास तिला कुठून लागला, हे वेगळं सांगायला नको.

“मोज्याचं सोड. हे चालतं कसं ते सांग. समजल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही.”

“कौशल्य हालचालीत नसतं, अण्णा. नुसती हालचाल नोंदवली तर नक्कल मिळते. दूध रोज वेगळं, वाफेचा जोर वेगळा. आवाज बिघडला की काकू हात किती आणि कुठे हलवायच्या, ते खरं कौशल्य. या स्मृतिमोज्यात तेवढंच आहे. मनगटातला ध्वनिवेधक दूध ऐकतो. काकूंनी जिथे हात हलवला असता, तिथे मोजा तुमचा हात हलवतो.”

“म्हणजे आत नुसत्या दुरुस्त्या.”

“नुसत्या दुरुस्त्या. तुमचं बरोबर असेल तर मोजा गप्प.”

“आमच्या हिचा स्वभाव बरोबर पकडलाय,” अण्णा म्हणाले.

यंत्रांचं काम पाहणारा डॉ. किरण हेगिष्टे मागून म्हणाला, “जुळवणीचंही सांगा, मॅडम.”

“तूच सांग.”

“अण्णा, तुमचं मनगट काकूंपेक्षा जाड, हाड लांब. त्यांची दुरुस्ती जशीच्या तशी तुम्हाला बसणार नाही. म्हणून मोज्यातली नोंद दर वेळी तुमच्या हाताकडे केसभर सरकते. शिकणाऱ्याची चूक कमी होत जाते. जी कमी होतच नाही ती हाडामुळे, असं मोजा समजतो आणि तेवढं सोडून देतो.”

“थोडी ती सरकणार, थोडा मी.”

“हो.”

“जन्मभर मीच सरकलो. आता जरा तिची पाळी.”

नसीमनं संमतिपत्र पुढे केलं. अण्णांनी त्यात स्वतःच्या अक्षरात एक अट घातली: या नोंदीची दुसरी प्रत काढायची नाही. घरातल्या बाईचा हात गावभर फिरू नये, असं त्यांचं म्हणणं. हिशेबाच्या प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती मागण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं नेमकी इथेच काटकसर केली.

मग केंद्रातल्या तशाच यंत्रापाशी अण्णांनी भांड्यात गार दूध ओतलं. वाफनळीतलं साचलेलं पाणी एकदा फडक्यावर उडवून दिलं. नळीचं टोक दुधात जेमतेम बुडेल असं भांडं धरलं आणि वाफ सोडली. नीट जमलं तर जुनं लुगडं हळूहळू फाडावं तसा आवाज येतो. दूध हवा घेतं, मग भांडं किंचित वर उचलायचं, टोक थोडं खोल जातं, आवाज दबतो, दुधात भोवरा धरतो. अण्णांचं भांडं मात्र खालीच राहिलं. टोक पृष्ठभागावर फुरफुरू लागलं, साबणासारखे बुडबुडे आले.

तेवढ्यात मनगट खालून कुणीतरी उचललं. ओढलं नाही, ढकललं नाही. खालून आधार देऊन, जरा घाईनं, जरा वैतागून वर केलं आणि भांडं डावीकडे कललं. फुरफुर थांबली. दूध गोल फिरू लागलं.

अण्णांनी वाफ बंद केली आणि कितीतरी वेळ भांड्यात पाहत राहिले.

“कसं वाटलं?” नसीमनं विचारलं.

“ठीक,” ते म्हणाले. लेखापरीक्षकाचं ‘ठीक’ कुठल्याही खात्यात टाकता येतं.

मोजा त्यांच्याबरोबर सांगलीला घरी गेला. ध्वनिवेधकाची आकडेवारी रोज केंद्रात पोचत होती. अण्णा हुशार विद्यार्थी निघाले. पहिल्या आठवड्यात मनगट सतत उचललं जायचं. पुढे कधीमधी. आणि मग एका सकाळी दुधाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसा हवा तसा आला. फेस नुकत्याच दिलेल्या ऑइलपेंटसारखा चकचकीत होता. त्यात एकही बुडबुडा नव्हता.

मोजा हलला नाही.

त्यांनी कॉफी केली. उत्तम झाली होती. ती संपवायला मात्र त्यांना सकाळ पुरली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वयंपाकघरात त्यांना कुणी ‘अहो, लक्ष कुठे आहे’ असं म्हटलं नव्हतं, तोंडानं किंवा हातानं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडं मुद्दाम जरा खाली धरलं. मनगट उचललं गेलं. अण्णांच्या चेहऱ्यावर सणासुदीची कळा आली. फरक एवढाच की ह्या वेळी सापडलेली चूक त्यांची स्वतःची होती.

असे दिवस गेले. पद्माक्का रोज सकाळी येत, चिडत आणि जात. आधी ह्या वेळेला त्या बाहेरच्या तारेवर कपडे वाळत घालत. ओल्या हातानं नवऱ्याची बाही धरून त्याला बाजूला करत, ते अण्णांना आता आठवू लागलं. त्या काळी ते पेपरातून मान वर न करता सरकत. पुढे मोज्यातल्या त्या जरा सौम्य झाल्या. आधीइतका झटका बसावा म्हणून अण्णांना भांडं अजून थोडं खाली न्यावं लागे, दुसऱ्या दिवशी अजून थोडं. मोजा जुना होत असेल, असं त्यांनी ठरवलं. की आपल्याला रागावून ती दमली असेल, असंही एकदा मनात आलं. तो विचार त्यांनी तिथेच खोडला.

महिन्याभरानं नसीम दारात उभी राहिली.

“अण्णा, माझ्या हाताच्या नोंदीवरून केंद्रातल्या नर्सबाई शिकल्या. कॉलेजातली मुलगी शिकली. तुमचीच चूक वाढत चाललीय. विश्वस्तांची बैठक जवळ आलीय आणि आमच्या चाचांच्या बोटांना कंप सुटलाय. तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून आवाज उघडणारा तो शेवटचा हात. मी त्यांना काय सांगू?”

“बस तरी. दूध बघ आधी.”

“तेच बघायला आलेय. हे दूध तापवलेलं आहे?”

“मग काय कच्चं ठेवायचं?”

“पिशवीतलं दूध आधीच तापवून थंड केलेलं असतं, अण्णा.”

“ते त्यांनी तापवलेलं. घरात आलं की आपण तापवायचं, गार करायचं, साय काढायची. कोण काय करून पाठवतं, आपल्याला काय माहीत?”

नसीम हसली. “काकूही केंद्रात येताना हेच दूध डब्यातून आणायच्या. माझीही नोंद त्याच दुधावरची, म्हणून कच्च्या दुधावर नर्सबाईंचा मोजा आठवडाभर उलटसुलट धावत होता. म्हणजे दोष दुधाचा नाही.” ती खुर्चीवर टेकली. “शिकणाऱ्याची चूक कधी मोठी, कधी छोटी असते. तुमची चूक रोज एका मापानं वाढते. अगदी पट्टीनं आखल्यासारखी. तुमच्यापुढे असा हिशेब आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?”

अण्णांनी यंत्र पुसायला घेतलं.

“बनावट आहे म्हणालो असतो,” ते म्हणाले. “चुकलो नाही तर ती येत नाही गं.”

नसीमच्या मनात काहीतरी आलं. तिनं मोजा स्वतःच्या हातात चढवला, भांडं भरलं आणि वाफ सोडली. सवयीनं तिचा हात बरोबर होता, लुगडं फाडल्यासारखा आवाज नीट येत होता. मोज्यानं तिचं मनगट धरून खाली ओढलं. दुधावर साबणासारखे बुडबुडे उठले.

“हे काय?” अण्णा म्हणाले.

“जुळवणी,” ती म्हणाली. “शिकणारा मुद्दाम चुकेल हे आम्ही धरलंच नव्हतं, अण्णा. रोजची तुमची चूक मोज्याला हाडाचा फरक वाटली. तो सरकत गेला. आता ह्यात तुमची चूक आहे. काकूंची दुरुस्ती राहिलेली नाही.”

“मूळ प्रत?”

प्रत कुणी काढू दिली नव्हती ते दोघांनाही माहीत होतं.

अण्णा खाली बसले. माणूस गेला तेव्हा भेटायला गर्दी झाली होती. ह्या वेळी कळवायचं म्हटलं तर कुणाला कळवणार?

नसीमच उठली. “एक सांगा. रोज तेवढाच झटका बसावा म्हणून भांडं नेमकं किती खाली न्यायचं, ते कसं ठरवायचा?”

“बरोबर कुठे आहे ते माहीत असतं. त्याच्या तेवढं खाली.”

“कुठे माहीत असतं?”

अण्णांनी उजवा हात वर केला आणि मग त्याच्याकडेच पाहत राहिले.

“मोज्याची जुळवणी दोन्हीकडे चालते,” ती म्हणाली. “तो तुमच्याकडे सरकला. आता तुम्ही बरोबर करत राहा. तो पुन्हा सरकेल.”

पुढचा महिना अण्णांनी आयुष्यातला सगळ्यांत विचित्र हिशेब केला. ते बरोबर करत, मोजा मनगट खाली ओढे, आणि ते ओढणं त्यांना नको तितकं ओळखीचं वाटे. ते पद्माचं नव्हतं. तो त्यांचाच हट्ट होता, महिनाभर रोज जोपासलेला. ह्याच्याशी ती इतकी वर्षं कशी झगडली असेल, ते त्यांना मनगट दुखू लागल्यावर समजलं. ते आवाज ऐकत आणि भांडं वर धरून ठेवत. दिवसागणिक ओढ कमी होत गेली. ओढ जितकी कमी, तितकी पद्मा परत येत होती, आणि ती पूर्ण परत आली की मोजा गप्प होणार होता. हे गणित त्यांना पहिल्या दिवशीच समजलं होतं. तरीही ते एक सकाळही चुकले नाहीत.

मग ती सकाळ आली. लुगडं फाडल्यासारखा आवाज आला, दबला, दूध फिरलं. मोजा हलला नाही. अण्णांनी भांडं ओट्यावर टेकवलं आणि केंद्राला फोन केला.

बैठकीत विश्वस्तांनी अण्णांच्या हातची कॉफी प्यायली, एकानं दुसऱ्यांदा मागितली आणि ठराव झाला. त्याच दुपारी नसीमचे चाचा कानस घेऊन केंद्रात आले. कुरकुरत का होईना, त्यांनी हातात मोजा चढवून घेतला. प्रत काढायची की नाही हे विचारल्यावर अण्णांनी मागून सांगितलं, “तीन काढा.”

पद्माक्कांची नोंद मात्र तपासायची राहिली होती. ती तपासायला नसीम दुसऱ्या दिवशी सांगलीला आली.

“खरं सांगू का, अण्णा? ह्यात आता काकूंचा हात किती आणि तुमचा किती, हे आमच्या कुठल्याच यंत्राला वेगळं काढता येणार नाही.”

“संसाराच्या खात्यात ते कधीच निघत नाही. तू चालू कर.”

तिनं मोजा चढवला, वाफ सोडली आणि भांडं मुद्दाम खाली नेलं. दूध फुरफुरलं. तिचं मनगट खालून झपकन वर उचललं गेलं आणि भांडं डावीकडे कललं. नसीमच्या भुवया वर गेल्या.

“आल्या,” ती म्हणाली.

अण्णा ओट्याला टेकून उभे होते. विचारू की नको, असं त्यांचं थोडा वेळ चाललं होतं.

“कशी आहे?”

“रागावल्यात.”

“मग नोंद बरोबर आहे,” अण्णा म्हणाले.