पिवळ्या फुलाचा कोपरा

"अक्का, हे काय केलंस तू!... कुणी सांगितलं होतं तुला मशिनला हात लावायला?"

गिरीराजच्या हातात ते रंगीत पांघरूण लोंबत होतं... ओलं, आटलेलं, जागोजागी आखडून गेलेलं! त्यातून टपटपणारं कोमट पाणी व्हाइटफील्डच्या त्या चकचकीत फ्लॅटच्या फरशीवर पसरत होतं. बाल्कनीच्या दाराशी त्याची बायको भूमिका सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी सावरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच गिरीराजची आत्या, जिला तो वडिलांचं ऐकून लहानपणापासून अक्काच म्हणत आला होता, त्या अंबूबाई पुढे झाल्या.

"हो रे गिरी, मीच टाकलं. बाळ येणार, म्हणून धुऊन ठेवावं म्हटलं... मला कुठं कळतंय त्या मशिनीतलं?"

खोटं! धडधडीत खोटं! अंबूबाईंना खोटं बोलण्याचं भारी वावडं. आजवरच्या आयुष्यात त्या एकदाच खोटं बोलल्या होत्या, आणि तेही याच पांघरुणापायी.

खरा प्रकार असा होता की भूमिकाला या दिवसांत क्रोशाचं वेड लागलं होतं. कुंड्यांना रंगीत झबली, कपांखाली रंगीत चकत्या, पडद्यांना फुलांचे पट्टे... घराची पार जत्रा झाली होती म्हणा ना! त्यात आता फेल्टिंगची भर पडली होती. जुने अस्सल लोकरीचे स्वेटर साबण घालून गरम पाण्यात मशिनमध्ये घुसळायचे, म्हणजे लोकर आटून नमद्यासारखी जाड होते. मग ती कापून वाडगे आणि आसनं करायची. त्यासाठी जमवलेल्या स्वेटरांची टोपली मशिनशेजारीच असे. अंबूबाईंनी राजाजीनगरहून आणलेलं पांघरूण बाल्कनीच्या दोरीवर वाऱ्याला घातलं होतं, ते घसरून नेमकं त्या टोपलीत पडलं, आणि भूमिकानं न बघता सगळंच मशिनमध्ये लोटलं. अशा अवघडल्या पोरीला नवऱ्याचे बोल ऐकून घ्यायला लागू नयेत, एवढंच अंबूबाईंच्या मनात आलं.

पण ते बोल आपल्याच काळजात असे रुततील, हे त्यांना कुठं ठाऊक होतं!

"आईची एवढी एकच वस्तू होती माझ्याजवळ," गिरीराजचा आवाज चिरकला. "एकच! पण तुला नाही कळायचं ते... तू काही माझी आई नाहीस!"

 अंबूबाईंनी पदर खांद्यावर नीट केला.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "घरी तुळशीला पाणी घालायचंय. मी निघते."

भूमिका खाली रिक्षापर्यंत आली, त्यांचा हात धरून हुंदके देऊ लागली. "अक्का, मी आत्ता वर जाऊन सांगते त्याला. माझी मिस्टेक आहे, तुम्ही का..."

"काही सांगू नकोस, शपथ आहे. राग आहे तो, उतरेल स्वल्प वेळानं. तू जेवून घे."

राजाजीनगरचं ते छोटं घर त्यांनी उघडलं. आतली लाल गुळगुळीत फरशी दुपारच्या उन्हात तशीच चमकत होती... याच फरशीवर पाय पसरून कावेरी बसायची, गिरीची आई! भावजय कसली, मैत्रीणच ती. पोट पुढे आलेलं, मांडीवर उटीहून तिच्या भावानं आणलेल्या अस्सल लोकरीचे गुंडे, आणि तोंडानं अखंड बडबड. "अक्का, हा चौकोन बघा. विणीतला खांब सैल पडलाय का हो?" अंबूबाई मुद्दाम नाक मुरडायच्या, "पडलाय थोडा, तुझ्यासारखाच!" आणि दोघी पोट धरधरून हसायच्या. काय ते दिवस! भिंतीवर घड्याळ होतं, पण कुणी त्याच्याकडे बघत नसे.

गिरी रांगायला लागला आणि कावेरी काविळीनं गेली. मागे राहिले टोपलीभर रंगीत चौकोन, अर्ध्याच पांघरुणापुरते. त्याच सुमाराला हुबळीचं स्थळ अंबूबाईंना पसंत करून गेलं होतं. त्या पोराला उराशी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि भावाला, येसाजीला म्हणाल्या, "त्यांना नाही म्हणून कळव." त्यानंतर तो विषय त्या घरात कुणी काढला नाही. आता तर येसाजीही राहिला नव्हता.

उटीची लोकर संपली होती. चिकपेटेच्या बाजारातून मिळाली तशी साधी लोकर त्यांनी आणली, रंगाला रंग जुळवला, कावेरीच्या हातासारखे सैल खांब मुद्दाम घातले, आणि उरलेलं पांघरूण विणून सगळे चौकोन जोडून टाकले. शेवटच्या कोपऱ्यात एक पिवळं फूल काढलं. पोरगं मोठं झालं, शाळेतून रडत आलं, "माझी आई कुठाय?" म्हणू लागलं, तेव्हा त्यांनी त्याला त्यात गुरफटलं. "ही बघ तुझी आई! सगळं तिनंच विणलंय, फक्त तुझ्यासाठी." त्या दिवसापासून पिवळ्या फुलाचा कोपरा गालाशी घेतल्याशिवाय त्याला झोप म्हणून येत नसे. मग कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाळा, यातली अर्धीच तुझी आई आहे? लेकराच्या वाटणीची आधीच अपुरी पडलेली आई आणखी निम्मी करायची? छे! त्यापेक्षा ते गुपित आपल्याबरोबर जावं, असंच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. गिरीराज आणि भूमिका दारात उभे होते. त्याचे डोळे सुजलेले होते आणि काखेत ते पांघरूण होतं.

"अक्का, तुमची शपथ मोडली मी," आत येताच भूमिका म्हणाली. "टोपली मीच मशिनमध्ये रिकामी केली, ते सांगितलं त्याला. आणि... अजून एक आहे."

तिनं पांघरूण लाल फरशीवर पसरलं. वाळून ते विचित्रच झालं होतं. काही चौकोन आटून तळहाताएवढे, जाड आणि राठ झाले होते, तर काही जसेच्या तसे मोठे आणि मऊ, शेजाऱ्यांच्या ओढीनं फुगून वर आलेले.

"अस्सल लोकर असेल तरच आटते, अक्का. साध्या अॅक्रिलिकच्या लोकरीला कितीही गरम पाणी घाला, काही होत नाही. म्हणजे ही दोन वेगळ्या वेळची लोकर आहे... दोन वेगळ्या माणसांची, हो ना?"

 अंबूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"नाही गं... कावेरीनंच... तिनंच सगळं..."

"अक्का, पुरे आता!" गिरीराज त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "परवा रात्रभर हे घेऊन बसलो होतो. आईची लोकर उटीची, अस्सल, हे तूच सांगायचीस ना? सवयीनं हात त्या कोपऱ्याकडे गेला. वाटलं, तोही दगड झाला असेल..." त्यानं पांघरुणाचं टोक उचललं. पिवळं फूल! जराही न आटलेलं, जराही न बिघडलेलं, होतं तसंच मऊ! "जन्मभर मी आई म्हणून हा कोपरा गालाशी धरला, अक्का. ही तू होतीस! आणि मी तुला म्हणालो, तू माझी..." 

इतक्या वर्षांचा बांध फुटला. अंबूबाईंनी त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि दोघंही लहान मुलांसारखी रडली. शेवटी त्याच त्याला ढकलून म्हणाल्या, "पुरे रे! परत भिजवशील ते. आधीच आटलंय तेवढं बास!"

भूमिका रडता रडता हसली. "आटलेले चौकोन उसवून वेगळे करू का, अक्का? बाकीचं सरळ होईल, पाळण्यात घालता येईल."

"नको," अंबूबाई घाईनं म्हणाल्या. "कावेरीला माझ्यापासून वेगळी काढू नकोस. राहू देत सुरकुत्या, बाळाला काही कळत नाही."

भूमिका आत कॉफीला आधण ठेवायला गेली. गिरीराज त्या लाल फरशीवर आडवा झाला, अंबूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, पिवळा कोपरा गालाखाली घेऊन. कॉफी आली तेव्हा तो गाढ झोपला होता. अंबूबाईंनी ओठांवर बोट ठेवून भूमिकाला गप्प बसण्याची खूण केली. कॉफी निवून गेली, त्यांची मांडी पार बधीर झाली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.