भिंतीच्या अलीकडे

आमच्या कंपनीत ड्रायव्हर नसलेली एक गाडी आहे. स्टोअरमधून सुटे भाग घ्यायचे, मधलं मोकळं आवार ओलांडायचं आणि असेंब्लीच्या शेडमध्ये पोचवायचे, एवढंच तिचं काम. वाटेत कोणी आलं की ती आपोआप थांबते, वाट मोकळी झाली की चालू लागते. कामगारांनी तिचं नाव शहाणी ठेवलंय. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात, हाराचं फूल सेन्सरसमोर लोंबतं, शहाणी जागची हलत नाही आणि मग मला बोलावणं येतं. मी तनुजा, मेंटेनन्सला आहे. रोज आकुर्डीहून कंपनीच्या बसनं चाकणला येते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, सैल झालेल्या वायरींवर आहे.

आवाराच्या एका बाजूला डोंगर आहे, दुसऱ्या बाजूला ओढा. दोन्हीकडे तारेचं कुंपण होतं आणि त्याला जनावरांनी पाडलेली भगदाडं होती. पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या सुमाराला डोंगराकडून मोर यायचे, मुंगूस यायचं, क्वचित एखादा ससा, आणि आवार ओलांडून पाण्यावर जायचे. शहाणी त्यांच्यासाठी थांबायची. आम्ही चहाचे कप घेऊन बघत उभे राहायचो. मला ती वेळ फार आवडायची.

मग शेजारच्या कंपनीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. तो ओढ्याच्या अंगानं आला होता, म्हणून आमच्याकडे घाईघाईनं त्या बाजूचं कुंपण काढून सिमेंटची उंच भिंत घातली. डोंगराकडची भिंत दिवाळीनंतर घालायचं ठरलं. बिबट्या पुन्हा दिसला नाही. मोरही यायचे बंद झाले.

शहाणी मात्र थांबत राहिली.

समोर चिटपाखरू नसताना ती आवाराच्या मधोमध उभी राहायची. मी सेन्सरची काच पुसली, केबल बदलली, शेवटी सेन्सरच नवा बसवला. फरक पडला नाही. तेव्हा मी टॅब जोडून शहाणीला काय दिसतंय ते बघायला बसले. तिचा सेन्सर जमिनीलगत, घोट्याच्या उंचीवर बघतो आणि जे आडवं येईल ते ठिपक्यांनी दाखवतो. माणूस म्हणजे दोन ठिपके, कुत्रं म्हणजे चार. त्या सकाळी समोर नुसतं ऊन पडलेलं सिमेंट होतं. टॅबवर ठिपक्यांची रांग होती, चार, मागे पुन्हा चार, डोंगराकडून ओढ्याकडे सावकाश चाललेली. भिंतीपाशी ती थांबली आणि तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी आणखी आले. आधीचे गेलेले नव्हते.

मग रोज गर्दी वाढत गेली. आवारात मेंढरांच्या वाड्यासारखा उबदार वास येऊ लागला. कंपनीची कुत्री शेडच्या दारात कान पाडून बसायची, पुढे पाऊल टाकायची नाहीत. शहाणी तर आता तासन्‌तास उभी असायची आणि लाइन बंद पडायची. आमचे प्लँट हेड सुरेंद्र सर वैतागले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की शनिवारी सेन्सर बंद करून टाक, शहाणीपुढे झेंडा घेऊन एक माणूस चालव. म्हणजे माणसांना धोका नव्हता. बाकी जे कोणी तिथं उभं होतं, त्यांच्या अंगावरून शहाणी सरळ निघून जाणार होती. हे सरांना कसं सांगायचं ते मला सुचेना. मला रडू यायच्या बेतात होतं, म्हणून मी मान डोलावून बाहेर आले.

भिमाजीआबांकडे कँटीनचं कंत्राट आहे. ही जमीन पूर्वी त्यांचीच. या आवारातून काय जायचं, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा ते काउंटर पुसत राहिले. आपण जमीन विकून मोकळे झालोय, आता आपल्याला काही विचारू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी टॅब पुढे केला. आबांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"भिंतीपल्याड पानी हाय," ते म्हणाले. "ह्यांला ते मिळत न्हाई व्हय?"

 त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

शनिवारी सर स्वतः आवारात आले. मी सेन्सरला हात लावला नव्हता. मी त्यांना टॅब दाखवला. ओढ्याकडची बाजू ठिपक्यांनी गच्च भरली होती. सर म्हणाले, सॉफ्टवेअरचा घोळ असणार. मी म्हटलं, असेल.

"मी जाऊन उभा राहतो," ते म्हणाले. "तू बघत राहा."

ते ताडताड चालत भिंतीकडे निघाले. टॅबवर त्यांच्या बुटांचे दोन ठिपके गर्दीत शिरले.

गर्दी मागे सरली.

त्यांच्याभोवती रिकामं गोल रिंगण झालं. ते डावीकडे गेले, रिंगण डावीकडे गेलं.

"काय दिसतंय?" सरांनी लांबून विचारलं.

"सर, ते तुम्हाला जागा देतायत."

सर उभेच राहिले. मग परत आले, पण आले तसे नाही. भिंतीच्या, मग शेडच्या कडेकडेनं, अंग चोरून, पूर्ण आवाराला वळसा घालून आले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पावसाचं पाणी तुंबेल इथे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "भिंतीत वाट ठेवायला हवी."

आभाळात ढग नव्हता. दुपारी भिंत फोडायला ब्रेकर आला.

भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं आणि मी टॅबवर बघत राहिले. आधी एक गेला, मग त्यामागून सगळे. कुणीही घाई केली नाही. शेवटचे चार ठिपके दिसेनासे झाले तेव्हा शहाणी आपणहून चालू लागली आणि मी खरंच रडले.

पुढच्याच आठवड्यात मोर आले. डोंगराकडची भिंत रद्द झाली. बिबट्याचं काय, असं कोणी विचारलं तर सर म्हणतात, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, तो आपल्या वाटेनं जाईल. सकाळी ठिपक्यांची रांग पाण्यावर जाताना शहाणी थांबते, संध्याकाळी रांग परतताना थांबते. लाइनचं वेळापत्रक आम्ही तसं बसवून घेतलंय.

काल संध्याकाळी, सूर्य डोंगराला टेकलेला असताना, मी टॅब घेऊन शहाणीसमोर उभी राहून ते परतताना बघत होते. मागे एक जण फारच हळू येत होता. त्याच्या चार ठिपक्यांच्या मधे आणखी चार होते, बारीक, एकमेकांना अगदी लागून. ते एकदा एकत्र गोळा झाले, पुन्हा सुटे झाले, जसं एखादं पिल्लू पडून उठावं. मग रांग सोडून ते बारीक चार माझ्याकडे आले आणि माझ्या बुटांच्या दोन ठिपक्यांच्या मधे थांबले.

मी पाय हलवले नाहीत. घोट्याला काहीतरी ओलं, कोमट लागलं.