तीननंतर पाच

ईस्टरच्या सहलीची यादी मी फेब्रुवारीतच करायला घेते, आणि दर वर्षी शेतिल त्यावरून माझी टर उडवतो. शेतिल माझा नवरा. "चंद्रावर निघालोय का आपण?" असं तो विचारतो. चंद्रावर नाही, हार्डांगरविद्दाच्या बर्फाळ पठारावर, त्याच्या आजोबांच्या डोंगरघरात. गाडीरस्ता संपतो तिथून स्कीवर नऊ किलोमीटर.

यादीत प्रत्येकाच्या बुटाचं माप असतं, स्कीची लांबी असते, लोकरीचे कपडे, स्कीला चोळायच्या मेणाच्या वड्या, संत्री, चॉकलेट, बर्फ खणायचं फावडं, दोरी, होकायंत्र. पोरांना मजा यावी आणि सगळी धडधाकट घरी यावीत, यापलीकडे मला सहलीतून काही नको असतं. माझं कामच तसलं आहे. तलावांवरच्या बर्फाची जाडी मी वीस वर्षं मोजते आहे. हिवाळाभर विजेसाठी धरणातून पाणी सोडतात. पाणी खाली जातं, वरचा बर्फ आधाराविना लोंबकळत राहतो आणि कडेला फाटतो. वरून सगळं सपाट, पांढरंशुभ्र, जणू धुतलेली चादर. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधीच पोळलेलं नाही, तरी मी फुंकूनच पिते. माझ्या हातून आजवर कोणी हरवलेलं नाही, याचा मला अभिमान होता.

मार्चमध्ये आमच्या शाळेत अदलाबदलीचा दिवस असतो. पोरांचे पाय भराभर वाढतात, म्हणून आखूड झालेले बूट नि स्की तिथे द्यायचे आणि पुढच्या मापाचे घ्यायचे. मी सिल्येसाठी चौतीसचे बूट घेतले, आस्केसाठी तीसचे. ती नऊ वर्षांची, तो सहा. घरी आल्यावर शेतिलने गाडीतलं सामान उतरवलं.

"ही निळी जोडी कोणाची?"

मी वळून पाहिलं. निळ्या स्की, निळे बूट. माप छत्तीस.

"सिल्येला दोन वर्षांनी होतील," मी म्हटलं.

"दोन वर्षांनी? तुझ्या याद्या आता पुढच्या पिढीपर्यंत जाणार बहुतेक."

मी हसले. पण ती जोडी उचलल्याचं मला आठवत नव्हतं. टेबलामागच्या बाईने "अजून?" असं विचारलं आणि मी लगेच "छत्तीस" म्हटलं, तेवढं आठवत होतं. निळी जोडी गॅरेजच्या खिळ्याला टांगली आणि विसरून गेले.

ईस्टरच्या आधीच्या, पाम रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. आकाश निळंशार, ऊन इतकं की आस्केने टोपी काढून खिशात कोंबली. गाडीतळावर म्हातारा हाल्वर भेटला. दर ईस्टरला वाटेवर खुणेच्या काठ्या तोच रोवतो.

"काय तुरुन, बर्फ मोजायला आलीस की सुट्टीला?"

"सुट्टीला. पण तुमच्या काठ्या मोजत जाणार."

"मोज बाई, मोज. एक ध्यानात ठेव. तलावावर काठ्यांच्या उजवीकडे कोणी जायचं नाही. धरणाकडे फाटलंय. पोरांना सांग."

मी पोरांना दोनदा सांगितलं. त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आमच्या घरची एक रीत आहे. रांगेत पुढे मी, माझ्यामागे सिल्ये, मग आस्के, शेवटी शेतिल. थोड्या थोड्या वेळाने मी "एक" म्हणून हाक देते आणि मागचे आपापला आकडा देतात. मागे वळून पाहावं लागत नाही, लय मोडत नाही. पोरांना तो खेळ वाटतो.

"एक."

"दोन."

"तीन."

"पाच," शेतिल म्हणाला.

पोरं खो खो हसायला लागली. "बाबा, चार कुठे गेला?"

"चार मी खाल्ला," शेतिल म्हणाला. मग मागून हळूच मला म्हणाला, "कसं काय निघालं तोंडातून, देव जाणे. जिभेवर तोच होता."

पुढच्या वेळी तो आठवून "चार" म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी परत पाच. मग पोरांनीही हसणं सोडलं. तीननंतर एक श्वासभर जागा सोडायची आणि मग पाच, असं ते आपोआप बसून गेलं.

दुपारी उन्हाच्या अंगाला, एका खडकाला पाठ लावून बसलो आणि मी संत्री वाटली. स्कीच्या मेणाचा नि संत्र्याच्या सालीचा वास एकत्र आला की मला ईस्टर आल्यासारखं वाटतं. चौघांना चार दिली तरी पिशवीत एक उरलं. यादीत चारच होती. ती मी स्वतः लिहिली होती.

आस्केने ते उचललं, बर्फात छोटासा खळगा केला आणि त्यात ठेवलं.

"अरे, वाया का घालवतोस?"

"राहू दे. ती मागून येतेय ना."

"कोण ती?"

"गप रे, काहीपण बोलतो," सिल्ये म्हणाली. पण तिने स्वतःचं शेवटचं चॉकलेट मोडून अर्धं त्या संत्र्याशेजारी ठेवलं, आणि का ठेवलं ते तिलाही सांगता आलं नाही.

तलावापाशी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. धुकं आलं ते दरीतून नव्हे, बर्फातूनच वर आल्यासारखं आलं. जमीन आणि आकाश एक झालं. आपण पुढे सरकतोय की जागीच पाय हलवतोय, ते कळेना. थंडी नव्हती. कापसात गुंडाळल्यासारखं ऊबदार, शांत वाटत होतं. मागे फिरायला हवं होतं. वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही, हा आमच्याकडे डोंगराचा नियम आहे, पोराटोरांना पाठ असतो. पण हाल्वरच्या काठ्या दिसत होत्या, एकीपाशी पोचलं की पुढची उमटायची. पलीकडे किलोमीटरभरावर घर होतं. मी पुढे निघाले.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

"पाच."

कोणी थांबलं नाही. आवाज मुलीचा होता, सिल्येपेक्षा थोड्या मोठ्या मुलीचा, आणि जरा कंटाळलेला. रोज तेच ते करावं लागणाऱ्या थोरल्या मुलांचा असतो तसा.

मी शंभर पावलं तशीच गेले. मला भीती वाटली नाही. मला हायसं वाटलं. सकाळपासून काहीतरी राहिलंय, गॅस बंद केला का, दार लावलं का, अशी जी हुरहूर मनाशी होती, ती एकदम निवली. सगळे आले, असं वाटलं.

असं तीनदा झालं. एक, दोन, तीन, चार, पाच. माझ्या मोजणीतला तो सगळ्यात सुंदर तास होता, हे मी कबूल करते.

मग मी "एक" म्हटलं.

"दोन."

काहीच नाही.

"चार." आवाज आता मागून नव्हता. उजवीकडून होता, आणि कंटाळलेला नव्हता.

"पाच," शेतिल म्हणाला, आणि लगेच, "आस्के? तुरुन, आस्के तुझ्याकडे आहे का?"

शेतिलच्या स्कीवरची बुटाची पकड सैल झाली होती. ती घट्ट करायला तो वाकला होता. तेवढाच वेळ.

"आस्के!"

धुक्याने हाक गिळली. मी दोरी काढली, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं शेतिलच्या हाती दिलं. सिल्येला काठीला धरून उभं केलं.

"ही काठी सोडायची नाही. काय वाटेल ते झालं तरी."

"आई, मोज ना," ती म्हणाली. "मोजलंस की ती बोलेल."

मी "एक" म्हटलं.

"चार."

उजवीकडे. काठ्यांच्या उजवीकडे.

वीस वर्षांत भोक पाडून पाहिल्याशिवाय मी बर्फावर पाय ठेवलेला नाही. त्या दिवशी एका आवाजाच्या मागे गेले.

"एक."

"चार."

दोरी संपत आली होती तेव्हा तो दिसला. स्की जुळवून, अगदी सरळ उभा होता. उजवा हात बाजूला धरलेला, मूठ मिटलेली, कोणीतरी हात धरल्यासारखी. त्याच्यापुढे स्कीच्या तीन काठ्यांएवढ्या अंतरावर बर्फाला काळी रेघ होती. रेघेखाली पाणी हलत होतं.

"आस्के, हलू नकोस."

"नाही हलत. तिने सांगितलंय, थांब, आई येईल."

"कोणी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आईला एवढंही कळत नाही, असं.

"कोणी म्हणजे काय?"

मी त्याचा डावा हात धरला. उजवी मूठ हळूच उघडली. त्याने ती उघडली नव्हती, मीही नाही.

"एक," मी म्हटलं. दिशा कळावी म्हणून.

"दोन," लांबून सिल्ये.

"तीन," आस्के.

मी थांबले.

"पाच," शेतिल.

जेवढे आणले होते तेवढे सगळे होते. यादीप्रमाणे. तरी माझे पाय निघेनात. मी पुन्हा "एक" म्हटलं. बर्फ खालून कुरकुरला. शेतिलने दोरी ओढली, मग जोरात ओढली.

मी मागे फिरले. मागे फिरण्यात लाज नाही म्हणतात. मला त्या वेळी जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती, आणि ती कोणाला मागे टाकल्याची, हे मला ठाऊक नव्हतं.

काठ्यांच्या आधाराने डोंगरघरी पोचल्यावर शेतिलने चूल पेटवली. सिल्येने कोकोसाठी कप मांडले, पाच. आस्के पितापिताच झोपला.

आमच्या डोंगरघरात एक वही आहे. आलं की तारीख, हवा, किती जण आले, ते लिहायचं. मी त्या वर्षीची यादीही तिथेच चिकटवते. नवीन यादी चिकटवताना मी सहज मागचं पान उलटलं.

गेल्या वर्षीची मापं माझ्या अक्षरात होती. शेतिल पंचेचाळीस. तुरुन एकोणचाळीस. सिल्ये तेहतीस. आस्के एकोणतीस. आणि त्याखाली, नावाशिवाय, पस्तीस.

त्याच्या आदल्या वर्षी चौतीस. त्याच्या आदल्या वर्षी तेहतीस.

मी पानं उलटत गेले. सिल्येच्या जन्माच्या आधीच्या ईस्टरच्या यादीत तीनच मापं होती. पंचेचाळीस, एकोणचाळीस आणि वीस.

शेतिल माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने टर उडवली नाही.

"तुरुन," तो म्हणाला, "आपल्याला दोनच मुलं ना?"

"दोनच," मी म्हटलं.

त्याने वही मिटली आणि फळीवर ठेवली. उरलेली सुट्टी छान गेली. ऊन पडलं. पोरं उतारावर घसरत राहिली. मी दिवसातून कितीदा मोजलं ते मोजलं नाही. तीननंतर आम्ही जागा सोडत होतो. ती रिकामीच राहिली.

वर्ष गेलं. या मार्चमध्ये मी गॅरेजमधून बूट घेऊन शाळेत गेले. सिल्येचे चौतीसचे, आस्केचे तीसचे आणि खिळ्याला टांगलेले निळे, जे त्या खिळ्यावरून कधी उतरलेच नव्हते.

टेबलामागे तीच बाई होती. तिने निळे बूट उलटे करून पाहिले. तळ झिजले होते. पुढची टोकं आतून अंगठ्यांनी दाबून बाहेर आली होती.

"चांगले वापरलेत की," ती म्हणाली. "चावायला लागले असतील तिला. आता कितीचे देऊ?"

"सदतीस," मी म्हटलं.